तिपाईची आंघोळ

निरंजनने आपल्या आवडत्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागावरचा लेख सकाळीच मोबाइलवरच्या गावच्या गटावर टाकला होता. लेख चांगला उतरला होता, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिला भाग सगळ्यांचा असतो, दुसरा भाग ज्यांनी वाट पाहिली त्यांचा असतो, हे वाक्य त्याला चहा गाळताना सुचलं होतं आणि त्यापायी अर्धा चहा ओट्यावर गेला होता. तिसऱ्या भागाला त्याने सोडलं नव्हतं. त्यात स्फोट फार, आणि दोन स्फोटांच्या मधे कुणी कुणाशी बोलत नाही. चौथ्यात नटीच बदलली, तेव्हा चौथ्याविषयी न बोललेलं बरं, असं म्हणून तो चौथ्याविषयी पानभर बोलला होता.

दुपारपर्यंत दोन अंगठे आले. त्यातला एक मेहुण्याचा, न वाचता दिलेला.

मग गजाननने आवाजी निरोप टाकला. "मास्तर, लेख लंबा आहे भाऊ, सवडीनं वाचतो. पण तिपाईची आंघोळ लिहिलीच नाही यार तू." आणि सगळा गट जागा झाला. हसणारे चेहरे आले, बदाम आले, एकाने नेपानगरहून हात जोडले. स्वयंपाकघरात त्याच्या बायकोने, वैजयंतीने, तो निरोप लावला, हसली, आणि परत लावला.

निरंजन बाहेरच्या खोलीत बसून ते ऐकत होता. दुसऱ्यांदा लावायची काय गरज होती?

गोष्ट जुनी होती. 'लाल चाँद' नावाने हिंदीत होऊन आलेले ते परदेशी चित्रपट, एकामागून एक चार भाग. पहिल्यात एक पायलटबाई लाल चंद्रावर उतरते, यान मोडतं, आणि तिथलं तीन पायांचं एक यंत्र तिला जगवतं, तिचे श्वास मोजत तिच्या उशाशी उभं राहतं. बाई सुटते, यंत्र मागे राहतं. बाईचं नाव कुणाला धड घेता येत नसे. यंत्राला तर नावच नव्हतं, नुसते आकडे होते. गावाने, म्हणजे बुऱ्हाणपूरने, तिला पायलटबाई म्हटलं आणि यंत्राला तिपाई. तिपाई मागे राहिली म्हणून लोधीपुऱ्यातल्या बाया हळहळल्या. आता पुढे काय, म्हणून सगळं गाव दुसऱ्या भागाची वाट पाहू लागलं.

तो आला तेव्हा निरंजन इंदूरला शिकत होता. तिथेच त्याने तो पाहिला. बाई तिपाईला न्यायला परत जाते. तिपाई सापडते, वाळूत अर्धी पुरलेली, पण तिला बाई आठवत नाही. "कोण?" ती विचारते. बाई नाव सांगते. थोड्या वेळाने तिपाई पुन्हा विचारते, "कोण?" बाई पुन्हा सांगते. मग तिच्या अंगावरची वाळू हाताने झाडते, शेजारी बसते, आणि उजाडल्यावर एकटीच निघते. गाणं नाही, भाषण नाही. निरंजन थेटरातून निघाला तो खोलीपर्यंत चालतच गेला. छातीत काहीतरी भरून आलं होतं आणि ते कुणापुढे तरी रितं करायचं होतं. गावी आला, तर इथे कुणी ऐकूनच घेईना.

कारण बुऱ्हाणपुरात तो शेवट पोहोचलाच नव्हता. रिळांचे पत्र्याचे डबे भुसावळहून रेल्वेने यायचे. नवरात्राचे दिवस होते, इच्छापूरला देवीची जत्रा भरली होती आणि जत्रेतल्या तंबू टॉकीजचे डबेही त्याच गाडीत होते. उतरवताना 'लाल चाँद'चा शेवटचा डबा त्यांच्यात गेला. तिकडे तंबूत देवीचा चित्रपट संपता संपता तांबडी वाळू दिसली, वाळूत अर्धं रुतलेलं तीन पायांचं काहीतरी समोर आलं, आणि हे देवीचं नवं वाहन असेल असं समजून लोकांनी हात जोडले. बायांनी डोक्यावरून पदर घेतला. तंबूवाल्याने जत्रा उठेपर्यंत डबा काही परत केला नाही, आणि तोवर गावातून चित्रपट उतरला होता. लोक दर्शनाला पुन्हा पुन्हा येत होते, तो कसा देणार?

इकडे बुऱ्हाणपूरच्या टॉकीजचा पडदा पांढराफेक पडला. लोक खुर्च्या आपटू लागले. डोअरकीपरचा भाचा गजानन दाराशी उभा होता. मामाने त्याला पुढे ढकललं, "जा, काहीतरी बोल." शेवट त्याने पाहिला नव्हता, गावात कुणीच पाहिला नव्हता. पण पोरगा पांढऱ्या पडद्यापुढे उभा राहिला आणि बोलला.

बाई तिपाईला यानात घालते, तो म्हणाला, आणि यान येऊन उतरतं ते आपल्या राजघाटावर. बाई तिपाईला तापीत उभी करते. ओंजळीओंजळीने पाणी घालते. वाळू वाहते, गंज वाहतो, खालचं पाणी तांबडं होत जातं. तिपाई डोळा उघडत नाही. मग बाई तिच्या कानाशी लागून गाते:

तांबड्या गं चांदावरी, माझं राहिलं पाऊल
कोण मोजीतं गं तिथं, माझ्या श्वासाची चाहूल

आणि तिपाई म्हणते, "आलीस?"

टॉकीज रडली. दुसऱ्या दिवसापासून लोक चित्रपटाला कमी आणि गजाननला जास्त येऊ लागले. पुढे तोच आवाज केळीच्या लिलावात गेला. अजूनही सकाळी मंडईत गजानन बोली पुकारतो तेव्हा शेतकरी केळीचे घड सोडून त्याच्याकडे बघत राहतात.

हेही निरंजनने सोसलं असतं. गावाचं काय, गाव कशालाही भुलतं. पण लग्नानंतर, घरात अजून पाहुणे होते तेव्हाची गोष्ट. नव्या बायकोशी काय बोलावं हे न सुचून त्याने आपली सगळ्यात आवडती गोष्ट काढली. "लाल चाँदचा दुसरा भाग पाहिलास का गं?"

वैजयंतीचा चेहरा असा उजळला की त्याला वाटलं, जमलं आपलं.

"अहो, मी मावशीबरोबर बाल्कनीत होते. तिपाई 'आलीस' म्हणाली ना, तर मावशीचा पदर मी भिजवून टाकला."

"तो शेवट खोटा आहे," निरंजन म्हणाला. "पडद्यावर नव्हताच तो."

"असेल. मला दिसला."

"दिसला कसा? पडदा पांढरा होता."

"तुम्ही कुठे होता तिथे," ती म्हणाली. सहज म्हणाली. ती विसरूनही गेली असेल. निरंजन विसरला नाही.

नंतर किती वर्षं ती ओवी त्याच्या घरात फिरत राहिली. मटार सोलताना, धुणं वाळत घालताना, भूमिकाला निजवताना. मुलीला त्याने आपला शेवट सांगून पाहिला, तर ती पांघरुणातून म्हणाली, "पप्पा, मम्मीवाला सांगा ना." मम्मीवाला म्हणजे गजाननवाला. शाळेत पोरांना प्रकाशाचा वेग शिकवणाऱ्या, मालिकेतल्या प्रत्येक यानाचं नाव तोंडपाठ असलेल्या निरंजनला स्वतःच्या घरात दुसऱ्याच्या तिपाईचं पाणी भरावं लागत होतं. वाण्याकडे गजानन भेटला तर निरंजन हसून बोलायचा, आणि घरी येऊन विनाकारण पंखा मोठा करायचा.

म्हणून यंदा भूमिका इंदूरहून आली आणि म्हणाली, "पप्पा, दुसरा भाग मिला मुझे. पूर्ण. शेवटच्या रिळासकट, नव्याने साफ केलेला," तेव्हा निरंजनने आधी हात पुढे केला. त्याने तिच्याकडून पेन ड्राइव्ह घेतला आणि शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या मागे ठेवला.

वाचनालयाचं सभागृह ठरलं, रविवारची दुपार ठरली. गटावर निरोप गेला. गजाननला सांगायला निरंजन स्वतः मंडईत गेला.

"मी काय करू येऊन?" गजानन म्हणाला. बोली संपून घसा बसला होता.

"शेवट बघायला ये."

"तुझा खरा, माझा बनवलेला. सगळ्यांना माहीत आहे की रे."

"माहीत असणं वेगळं. डोळ्यांनी बघ ना एकदा."

गजाननने त्याच्याकडे पाहिलं. "वहिनी येणार आहेत?"

"का?"

"अरे, विचारलं नुसतं."

निरंजन घरी येईपर्यंत तेच चघळत राहिला. का विचारलं असेल?

रविवारी खिडक्यांना चादरी लावल्या. पडद्याला कापड लूमवरून आलं होतं, बिनधुतलेलं, त्याला खळीचा वास होता. वैजयंतीला त्याने पुढच्या रांगेत बसवलं आणि स्वतः कडेला, लॅपटॉपपाशी, जिथून पडद्यापेक्षा तिचा चेहरा नीट दिसेल अशा जागी बसला. आधी दोन शब्द बोलायला उठला. पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या छायाचित्रणातला फरक सांगू लागला, तर मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तर, लावा आता, घंटा झाली." मागे पोरींच्या घोळक्यात बसलेल्या भूमिकाने तोंडावर रुमाल धरला.

चित्रपट सुरू झाला. अजून चांगला होता, हे निरंजनला आवाजावरूनच कळत होतं. पडद्याकडे तो फारसा बघत नव्हता. वाळवंट आलं. वाळूत पुरलेली तिपाई आली. सभागृहात चुळबुळ थांबली. "कोण?" तिपाईने विचारलं. वैजयंती किंचित पुढे झुकली. "कोण?" तिने ओठ मिटले. बाईने वाळू झाडली, बसली, उठली, गेली. पडदा पांढरा झाला आणि निरंजनने दिवा लावला.

कुणी बोलेना. त्याला हेच हवं होतं. अशीच शांतता इंदूरच्या त्या थेटरात होती, आणि आज ती त्याने बुऱ्हाणपुरात आणली होती.

गजानन मागच्या भिंतीपाशी उभा होता. चष्मा काढून त्याने डोळे पुसले, अगदी उघडउघड. "निरंजन, असं होतं हे?"

"हो."

"आणि तू एकट्यानं पाहिलंस. त्या वयात." तो मान हलवत राहिला. "मी उगाच आंघोळ घातली रे तिला."

या वाक्याची वाट पाहता पाहता निरंजन म्हातारा झाला होता. ते कानावर पडलं आणि त्याला आत कुठेतरी गोड वाटलं. आता तो वैजयंतीकडे वळला.

"छान होता," ती म्हणाली. "खरंच छान होता हो." मग पदर सावरत मागे वळली. "गजाननभाऊ, आता तुमचा सांगा. या पोरींनी ऐकलेला नाही."

लोक हसले, टाळ्या पडल्या, खुर्च्या सरकल्या. गजानन पुढे आला, पांढऱ्या कापडापुढे उभा राहिला. तोंड उघडलं. रोज सकाळी अख्ख्या मंडईला पुरणारा आवाज, पण निघेना.

"वहिनी, नाही जमत. आत्ता बघितलं ना, ती ओळखतच नाही तिला. आता माझ्या तोंडून ती 'आलीस' कशी म्हणेल?"

"प्रयत्न तर करा."

"राजघाटावर..." गजानन म्हणाला आणि थांबला. "नाही येत वहिनी. गेलं ते." तो जाऊन खुर्चीत बसला.

निरंजनने बायकोकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर होते आणि नजर पांढऱ्या कापडावर काहीतरी शोधत होती, ते तिथे नव्हतं. बाल्कनीतली ती मुलगी, मावशीचा भिजलेला पदर, सगळं त्या क्षणी तिच्याकडून निघून चाललं होतं, आणि ते घालवलं होतं निरंजनने, हट्टाने, चादरी लावून. जिंकल्यावर असं दिसेल हे त्याने हिशेबात धरलं नव्हतं.

तो उठला. का उठला, हे त्याला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. तिचा चेहरा बघवेना, हे खरं. गजाननची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर त्याचा कधीपासूनचा डोळा होता, हेही तितकंच खरं.

"बाई तिपाईला यानात घालते," तो म्हणाला. मास्तरकीचा आवाज आला, त्याने तो खाली आणला. "यान राजघाटावर उतरतं. बाई तिला पाठुंगळी घेऊन पायऱ्या उतरते."

"पाठुंगळी नाही," वैजयंती म्हणाली. "कडेवर."

"कडेवर," निरंजन म्हणाला.

"आणि गजाननभाऊ इथे जरा थांबायचे."

तो थांबला. गजानन खाली मान घालून ऐकत होता, दुसऱ्याचं काही ऐकावं तसा. त्याला तो शेवट खरोखरच आठवत नसावा. आणि निरंजनला सगळा येत होता. गजाननच्या तोंडून त्याने तो एकदाही ऐकला नव्हता. जे येत होतं ते मटार सोलताना, धुणं वाळत घालताना, पाळण्याच्या दोरीशी ऐकलेलं, सगळं तिच्याकडून आलेलं.

त्याने पाणी घातलं, ओंजळीओंजळीने. वाळू वाहवली, गंज वाहवला, तापी तांबडी केली. त्याचा गळा गाणारा नव्हता, तरी त्याने ओवी धरली, आणि मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या त्याच्याबरोबर म्हणू लागल्या. पोरी मोबाइल खाली ठेवून ऐकत होत्या. वैजयंतीचा चेहरा सैल झाला, ओठ हलले, आणि तिने डोळे मिटून घेतले.

ती समोर होती, हाताच्या अंतरावर, आणि मिटल्या डोळ्यांआड बाल्कनीत बसली होती. तिथे तिला कुणाचा आवाज ऐकू येत असेल, हे निरंजनला कळायला मार्ग नव्हता. एकदा त्याला वाटलं, थांबावं, म्हणजे ती डोळे उघडेल आणि कोण बोलतंय ते पाहील.

तो थांबला नाही. तिपाईच्या कानाशी वाकला, आणि तिने उत्तर द्यायची वाट पाहू लागला.