पाठीवरची वीतभर जागा

माणसाच्या पाठीवर एक जागा अशी असते, की तिथे त्याचा स्वतःचा हात पोचत नाही. वरून नाही आणि खालूनही नाही. दोन खांद्यांच्या मधोमध, जरा खाली, वीतभर. ही गोष्ट मला सासष्टाव्या वर्षी कळली. तोवर तिथे हौसाचा हात पोचत होता, त्यामुळे अशी काही जागा आहे याचा मला पत्ताच नव्हता.

हौसा माझी बायको. गेल्या साली श्रावणात गेली. ताप आल्याचं निमित्त झालं, आणि आठवड्याच्या आत घरात मी एकटा उरलो. आमचं आणे गावचं पठार आधीच कोरडं. दसरा सरला की वारा असा सुटतो की अंग उलायला लागतं, आणि खाज सुटायची ती नेमकी त्याच वीतभर जागेत. मग मी दाराच्या चौकटीला पाठ घाशीत उभा राहायचो. शेजारच्या गेणभाऊने एकदा पाहिलं आणि अंगणातूनच विचारलं, म्हस झालास का रं कुंडलिक? मी म्हणालो, म्हशीला निदान शेपूट असतं.

लोक स्वतःची पाठ स्वतः थोपटून घेतात असं म्हणतात. मी एसटीत कंडक्टर होतो, नारायणगाव डेपोला, त्यामुळे अशी माणसं ढिगाने पाहिली. पण त्यांचा हात तिथपर्यंत पोचतो कसा, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला.

खाजेचं काय, माणूस सहन करतो. मला खरी धास्ती होती पाडव्याची. दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला तेल-उटणं लावते, हे काय नवीन सांगायचं. आमच्याकडे त्यात कधी खंड पडला नव्हता. पहाटेची ड्यूटी असली तरी हौसा तीनला उठवायची. पाटावर बसवायची, आधी भुईला तेलाचा ठिपका लावायची, मग माझ्या पाठीकडे वळायची. तिचा तळवा खरखरीत होता. मी डोळे मिटून म्हणायचो, "जरा वर." ती म्हणायची, "दरसाल पाठ तीच, आन् तुमचं सांगणं बी तेच." एवढंच आमचं बोलणं. त्याहून जास्त लाडीगोडी आम्हाला जमली नाही, आणि लागलीही नाही.

गेल्या दिवाळीला वर्ष फिरलं नव्हतं, म्हणून घरात सण नव्हता. तेल नाही, उटणं नाही, त्यामुळे पाठीचा विषयच निघाला नाही. यंदा मात्र सण होता. सगळं अंग तेलाने माखायचं आणि मध्येच वीतभर जागा कोरडी ठेवून पाटावरून उठायचं, हे मला नको होतं. हौसा नाही, हे ती कोरडी जागा दिवसभर सांगत राहिली असती. कोणाला सांगावं, तर कोणाला? लेक ज्ञानेश्वर भोसरीला, कंपनीत. सुनेला असलं काही सांगायचं नसतं. आणि गेणभाऊला सांगितलं असतं, तर दुपारपर्यंत पारावर सगळ्यांना कळलं असतं.

माझा डावा खांदाही आखडला होता. सारा जन्म उजव्या हाताने घंटीची दोरी ओढली, डाव्याने नुसता दांडा धरला, त्याचं हे फळ. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. वृषालीला, म्हणजे सुनेला, मी फोनवर खांद्याचं तेवढं सांगितलं, पाठीचं नाही. तिने लगेच योगाचे व्हिडिओ पाठवले आणि म्हणाली, आप्पा, रोज सकाळी लावत जा, अंग मोकळं होईल.

व्हिडिओतली ताई पुण्याची असावी. मागे पांढरी भिंत, शेजारी कुंडीत एक झाड. ती म्हणाली, आपापल्या मॅटवर या. मी घोंगडी अंथरली, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि समोर बसलो. ती हसली आणि म्हणाली, "नमस्कार, कसे आहात?"

मी म्हणालो, "बरा हाय."

बोलून गेल्यावर मलाच कसंतरी झालं. घरात कोणी ऐकलं का म्हणून मी मागे वळून पाहिलं. घरात कोण असणार होतं? पण खरं सांगतो, त्या दिवसापासून मी रोज उत्तर देत गेलो. आज गुडघा धरलाय, काल भाकरी जळली, रात्री झोप न्हाई लागली, असं काहीबाही. दिवसभरात मला कसे आहात म्हणून विचारणारी ती एकटीच होती. ती ऐकत नाही हे मला कळत होतं. कंडक्टरकीत सगळा जन्म मी न ऐकणाऱ्या माणसांशीच बोललो होतो, त्यामुळे त्याचं मला एवढं वाटलं नाही.

मी एका कुशीवर कलंडून पडलेलो असलो तरी ती म्हणायची, खूप छान. काम न बघता शाबासकी देणारा एक साहेब आमच्या डेपोत होता, त्याची मला आठवण यायची. मध्येच जाहिरात लागायची. मान गुडघ्यांत, श्वास कोंडलेला, आणि तिकडे एक नटलेली बाई मला म्हणते, या दिवाळीला सोनं घ्या. मी तिला जे म्हणालो ते इथे लिहिता येणार नाही.

मग एके दिवशी गोमुखासन आलं. एक हात खांद्यावरून मागे सोडायचा, दुसरा कमरेकडून वर न्यायचा, आणि पाठीवर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायची. ताईने पाठ फिरवून दाखवलं, आणि मी जागीच थांबलो. तिची बोटं जिथे अडकली होती, ती जागा नेमकी तीच होती. वीतभर, दोन खांद्यांच्या मधोमध.

बाकीची आसनं मी त्या दिवसापासून सोडून दिली. फक्त तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचो. उजवा हात वरून झकास जायचा, घंटीची सवय. डावा मात्र कमरेच्या वर सरकेना. ताई म्हणाली, ज्यांचे हात पोचत नाहीत त्यांनी मध्ये पट्टा किंवा टॉवेल धरा, आणि घाई करू नका. मी इकडेतिकडे पाहिलं. खुंटीला गाईचं दावं होतं.

हौसा गेल्यावर गाय विकली. धार काढणार कोण? आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत, घरातली लक्ष्मी त्याच्याबरोबर जाते म्हणतात. घेणारा आपलं दावं घेऊन आला, आमचं सोडून ठेवलं, आणि गाय घेऊन गेला. लक्ष्मी राहिली की नाही ठाऊक नाही, पण दावं राहिलं. ते मी उजव्या हातात धरून पाठीवर सोडलं आणि डाव्या हाताने खालून पकडलं. मग रोज थोडं थोडं वर चढायचं. खांद्यातून अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं. ताई म्हणायची, चेहऱ्यावर हसू असू द्या. मी म्हणायचो, तू आधी पठारावर ये, मग हसू बघू.

गेणभाऊने खिडकीतून पाहिलंच. दावं पाठीवर, तोंड वाकडं, मी हुंकारतोय. दुपारी पारावर बातमी होती की कुंडलिकच्या अंगात येतंय. मी कोणाला काही खुलासा केला नाही. अंगात येणाऱ्या माणसाला लोक निदान चार दिवस विचारतात तरी.

नवरात्रात दोन हातांमध्ये हातभर दावं होतं. कोजागिरीला वीतभर उरलं. वसुबारसेला चार बोटं. आणि तिथेच अडलं. धनत्रयोदशीला चार बोटं, चतुर्दशीला चार बोटं. चतुर्दशीच्या अंघोळीला मी उटणं लावलंच नाही. नुसतं पाणी घेतलं, आणि मनाला म्हणालो, आपला सण पाडव्याचा.

लक्ष्मीपूजनाला ज्ञानेश्वर, वृषाली आणि नात समृद्धी दुपारी आली. घरात आवाज झाला. दिवे लागले, फराळ झाला, समृद्धीने अंगणात फुलबाज्या पेटवल्या. ज्ञानेश्वर म्हणाला, खांदा कसाय? मी डावा हात वर करून दाखवला. तो खूश झाला. त्याला सकाळची शिफ्ट होती आणि वृषालीला माहेरी जायचं होतं, तिचा भाऊ वाट बघत होता. त्यांचं काही चुकलं नाही. रात्रीचं जेवण झालं की निघायचं, हे आधीच ठरलेलं होतं. गाडीत बसता बसता वृषाली पुन्हा घरात आली, न्हाणीत गेली, आणि बाहेर येऊन माझ्या पाया पडली. "उद्या पाडवा आहे, आप्पा," एवढंच म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली. गाडी घाटाकडे वळेपर्यंत मी अंगणात उभा राहिलो.

नंतर न्हाणीत जाऊन पाहिलं, तर कोनाड्यात उटण्याचं पाकीट आणि सुवासिक तेलाची बाटली ठेवलेली होती.

पाडव्याच्या पहाटे मी बंब पेटवला. तेल कोमट केलं. पाट मांडला. भुईला तेलाचा ठिपका लावला, तिच्यासारखाच. मग पाय, पोटऱ्या, छाती, दंड, मान, सगळं सावकाश चोळलं. उटणं लावलं. शेवटी पाठ राहिली. फोन बरोबर घेतला नव्हता. ताईचं म्हणणं मला आता पाठ होतं. श्वास घ्या. सोडा. घाई करू नका.

उजवा हात वरून सोडला. डावा खालून नेला. दावं नव्हतं, पण हात तेलाने बुळबुळीत झाले होते, अंग कोमट होतं, आणि डावा हात कधी गेला नव्हता इतका वर सरकला. बोटाला बोट लागलं. मी श्वास सोडला, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकली.

जमलं! मी पाटावर बसल्या बसल्या मोठ्याने म्हणालो. मग डाव्या हाताच्या बोटांनी ती वीतभर जागा चोळली. सगळी चोळली. तेल लागलं, उटणं लागलं. पाठीवर तसूभर कोरडं राहिलं नाही.

आणि मग माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसलो ते. घर तिचं होतं, पण भांडी मी हलवली होती. गाय तिची होती, ती विकली. कपडे देऊन टाकले. माझ्यापाशी अशी एकच जागा उरली होती, की जिथे तिच्यावाचून कोणाचा हात पोचत नव्हता. तीही मी दीड महिना घाम गाळून माझ्या ताब्यात घेतली होती. जरा वर, असं आता मी कोणाला म्हणणार? माझा हात मी सांगायच्या आधीच वर जात होता.

मी रडलो. लपवायचं काय त्यात. बंबातलं पाणी उकळत होतं आणि मी पाटावर बसून लहान पोरासारखा रडत होतो. चौदा महिन्यांत एवढा रडलो नव्हतो.

रडणं थांबलं तेव्हा कुडापलीकडून पाण्याचा आवाज आला. गेणभाऊ अंगावर भसाभसा तांबे ओतत होता. त्याची बायको साळुबाई जाऊन बरीच वर्षं झाली. नरकचतुर्दशीला ती आणि हौसा आमच्या न्हाणीत एकमेकींची पाठ चोळायच्या आणि आम्हा दोघांवरून खिदळायच्या. साळुबाई गेल्यावर गेणभाऊची पाठ कोणी चोळली असेल, हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. त्याची पोरं मुंबईला. पाडव्याला तो नेहमी सगळ्यांच्या आधी पारावर येऊन बसायचा, एवढंच मला माहीत होतं.

मी दोन तांबे अंगावर घेतले, पंचा गुंडाळला, तेलाची वाटी आणि उरलेलं उटणं घेतलं, आणि कुडाला वळसा घालून पलीकडे गेलो. गेणभाऊ उघड्या अंगाने दगडावर बसला होता. वाटी बघून त्याने तांब्या खाली ठेवला.

"वळ तिकडं," मी म्हणालो.

"तुझी कुनी चोळली?"

"माझी म्या चोळली."

"हात पोचला?"

"पोचला."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. माझे डोळे लाल असणार. थट्टा करायची एवढी आयती संधी त्याने त्या दिवशी सोडली. त्याने पाठ वळवली. हाडं दिसत होती, आणि दोन खांद्यांच्या मध्ये कातडी पांढुरकी पडून उलली होती. मी दगडाजवळ भुईला तेलाचा ठिपका लावला, आणि तळवा त्याच्या पाठीवर ठेवला. गेणभाऊने डोळे मिटले असावेत.

"जरा वर," तो म्हणाला.

मी हात जरा वर नेला.