वाढीव वर्षाला सही नाही

१९७६ च्या फेब्रुवारीत लोकसभेची मुदत एका वर्षानं वाढली. लगोलग सेनगावजवळच्या एका गावात सरपंच उत्तमरावांनी ग्रामपंचायतीची बैठक बोलावली. सरकारच्या अभिनंदनाचा ठराव सगळ्या सदस्यांच्या सह्यांनिशी वर पाठवला, की आपलं वजन वाढेल, असं त्यांना वाटत होतं.

बौद्धवाड्यातल्या पद्माबाई बायांच्या जागेवर सदस्य झालेल्या. आजवर त्या दाराजवळ बसायच्या आणि दाखवतील तिथं सही करायच्या. त्या दिवशी त्यांनी पेन हातात घेतलंच नाही.

"काहून गं पद्मा?" उत्तमरावांनी विचारलं.

"पाच सालासाठी मत दिलं व्हतं आमी. सहावं साल घेताना आमाला कोनी इचारलं?"

ग्रामसेवक हरिचंद समजुतीनं म्हणाले, "बाई, घटनेतच तशी सोय आहे. आणीबाणीत संसदेला मुदत वाढवता येते. बेकायदा काही नाही."

"आसंल की. ज्यांच्या हातात हाय त्यांनी वाढवली. पर त्येला शाबासकी दिलीच पायजे, आसं लिवलंय का घटनेत?"

"नाही. तसं काही नाही," हरिचंद म्हणाले.

उत्तमरावांचा चेहरा लाल झाला. "तुझा नवरा माझा सालगडी हाये, ध्यानात ठेव."

"त्येची मेहनत तुमची हाय सरपंच. माझी सही न्हाई."

दुसऱ्याच दिवशी पद्माबाईंच्या नवऱ्याला, जळबाला, कामावरून काढलं. तो तणतणत घरी आला. "एक सही केली असती तर काय बिघडलं असतं?"

"आन न्हाई केली तर त्यांचं काय बिघडलं? त्येवढ्यासाठी तुमाला काहून काडलं?"

जळबा रात्री जेवला नाही. सकाळी मात्र भाकरी बांधून घेतली आणि सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर मातीकामाला निघून गेला.

मग एक दिवस पोलीस आले. पद्माबाईंना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. "कोणत्या पार्टीची तू? कोणी शिकवलं?" हेच परत परत विचारलं. "कोनी न्हाई शिकवलं," एवढंच त्या म्हणत राहिल्या. संध्याकाळी सोडलं. वाड्यातल्या बाया त्यांच्याशी बोलायला घाबरू लागल्या. बैठकीचा निरोप यायचा बंद झाला, तरी पद्माबाई जायच्याच. आता दाराजवळ नाही, सतरंजीवर, सगळ्यांच्या बरोबरीनं बसायच्या.

जानेवारी १९७७ मध्ये लोकसभेची निवडणूक जाहीर झाली. उत्तमराव सरकारच्या पक्षासाठी मतं मागायला माणसं घेऊन बौद्धवाड्यात आले. पद्माबाईंच्या दारात त्यांनी हात जोडले.

"झालं गेलं इसर, पद्माबाई. वाड्याची मतं तुझ्या शब्दावर हायेत. जळबाला उद्यापासून पाठव कामाला."

जळबा आतून बाहेर आला. "कामाला मी येनार न्हाई, मालक. मताचं तिचं तिला इचारा."

पद्माबाई म्हणाल्या, "माझं मत तुमाला न्हाई. बाकीच्यांच्या दारात तुमी सोता जा. मी कोनाच्या वतीनं सांगनार न्हाई."

उत्तमराव पुढच्या दाराकडं वळले. तिथली शकुबाई कडेवर लेकरू घेऊन उंबऱ्यात उभी होती. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "माजंबी न्हाई."