कोणाची हरकत नसेल तर

ज्याला चारचौघांत नाव घेऊन हाक मारली तरी कानशिले तापतात, अशा माणसाचा कोणी सत्कार करू नये. पण बुऱ्हाणपूरच्या मराठी मंडळाला हे कोण सांगणार? भास्कर महाजनांचा विपुल दिल्लीहून रजेवर आला आहे, हे कळल्याच्या दुसऱ्याच दिवशी मंडळाचे कार्यवाह भाईदासकाका दारात हजर झाले आणि म्हणाले, "हॉल ठरला, पाहुणे ठरले, हार सांगितला. आता फक्त तू ये." विपुलने नको म्हणायला तोंड उघडले, तोवर काकांनी बिस्कीट चहात बुडवले होते. त्याचे गप्प राहणे त्यांनी होकार म्हणून स्वीकारले. आजवर सगळ्यांनीच तसे स्वीकारले होते.

विपुल दिल्लीत ज्या सचिवालयात नोकरीला होता, ते एका देशगटाचे होते. वादळे, पूर, भूकंप अशा संकटांत एकमेकांना सावरावे म्हणून काही उगवत्या आणि काही अगदी चिमुकल्या देशांनी मिळून हा गट उभारला होता. यंदा अध्यक्षपद भारताकडे होते आणि शिखर परिषद महिन्यावर आली होती. विपुल तिथला सर्वांत कनिष्ठ अधिकारी. सर्वांत लहान देशांचा पत्रव्यवहार त्याच्या टेबलावर येई, कारण मोठ्या देशांचा त्याच्याहून मोठ्या माणसांकडे जाई.

या गटात हात वर करून मतदान होत नसे. मसुदा सर्वांना पाठवायचा, एक वेळ नेमून द्यायची, आणि तोपर्यंत सचिवालयाकडे कोणाची लेखी हरकत आली नाही तर मसुदा मंजूर झाला असे धरायचे. गप्प बसला तो राजी. ही रीत पहिल्यांदा समजली तेव्हा विपुलला ती ओळखीची वाटली होती. जणू जगाचा कारभारही त्याच्या घरातल्यासारखाच चालत होता.

परिषदेच्या जाहीरनाम्याची नेमून दिलेली वेळ नेमकी सत्काराच्या दिवशी संध्याकाळी सहाची होती. शेवटच्या मसुद्यात एकच बदल झाला होता. वादळाचा इशारा लहान देशांना मोठ्या देशांबरोबर 'त्याच क्षणी' दिला जाईल, असे आधी लिहिले होते. आता तिथे 'शक्य तितक्या लवकर' असे आले होते. बदल एका मोठ्या सदस्य देशाने सुचवला होता. तो कोणाला बोचेल हे विपुलला ठाऊक होते. त्याच्या वरिष्ठ कौल मॅडमनाही ते ठाऊक असावे, कारण सकाळीच त्यांचा मेसेज आला होता: 'अब कोई नया पेच नहीं, विपुल. शाम को ये ड्राफ्ट बंद होना चाहिए.'

व्यासपीठावर त्याला मधोमध बसवले होते. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ आणि पुष्पगुच्छ, मागे 'जागतिक मंचावर बुऱ्हाणपूरचा सुपुत्र' असा फलक. समोर पहिल्या रांगेत पप्पा नव्या सदऱ्यात ताठ बसले होते. नेपानगरच्या कागद कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली, तिथे त्यांना कोणी शाल घातली नव्हती. शेजारी आई त्याला खुणांनी 'नीट बस' असे सांगत होती आणि थोरली बहीण योगिता फोन समोर धरून उभी होती. दिगंबर सर बोलायला उठले. त्यांनी या गावाच्या तीन पिढ्यांना नागरिकशास्त्र शिकवले होते आणि बोलायला उभे राहिले की घड्याळाला ते ओळख दाखवत नसत.

त्याच वेळी विपुलचा फोन थरथरला. नारळाच्या आडून त्याने तो पाहिला.

मेसेज लितियाचा होता. प्रशांत महासागरातल्या एका बेटांच्या देशाची ती प्रतिनिधी. गेली दोन वर्षे ती त्याला 'भाऊ' म्हणून लिहीत असे, आणि प्रत्यक्षात दोघे एकदाच भेटले होते. तिने लिहिले होते: 'वादळाने आमच्या मंत्रालयाचे इंटरनेट गेले आहे. ईमेल निघत नाही. या टेकडीवर जरा सिग्नल येतो, म्हणून इथून लिहिते आहे. हीच आमची हरकत समज. आम्हाला जुने शब्द परत हवेत. गेल्या खेपेस इशारा आला तेव्हा माझ्या मावशीच्या गावात पाणी आधीच पोचले होते. सहाच्या आत हे वर पोचव, भाऊ.'

सहाला अजून अवकाश होता. काम तरी काय होते? मेसेज कौल मॅडमकडे पुढे पाठवायचा, अंगठ्याचे काम.

विपुल भाईदासकाकांकडे झुकला. "काका, मी दोन मिनिटं बाहेर जाऊन येतो."

"आता?" काकांनी डोळे वटारले. "अरे, सर तुझ्यावरच बोलून राहिले. नवरदेव मांडवातून उठतो का कधी?"

"ऑफिसचं जरा..."

"ऑफिस दिल्लीत आहे ना? मग राहू दे तिथंच."

बाजूचे दोघे हसले. विपुलही हसला, जसा तो नेहमी हसे, हरल्याची पावती दिल्यासारखा.

"मोठेपण कशात असतं?" दिगंबर सरांचा आवाज चढला. "तोफांत? तिजोरीत? नाही! मोठ्यांच्या पंगतीला आपल्याला आता पाट मिळाला, चांगलं झालं. पण त्या पाटावर बसून ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही त्याच्यासाठी बोलायचं, याला मोठेपण म्हणतात. आणि तो बोलणारा, बघा, हा इथं बसलाय. वर्गात हजेरी दिली तरी मला ऐकू यायची नाही. आज जग ऐकून राहिलं!"

टाळ्या पडल्या. पप्पांनी रुमालाने चष्मा पुसला. शालीखाली विपुलचा अंगठा फोनच्या काचेवर टेकलेला होता. तो तसाच टेकलेला राहिला. उठणे अवघड होते हे खरे. पण बसल्या जागी ते काम होण्यासारखे होते, हेही तितकेच खरे. त्याला मॅडमचा चेहरा दिसला, मग परिषदेला जाणाऱ्यांत आपले नाव दिसले. सरांचे संपले की पाठवू, असे त्याने स्वतःला सांगितले आणि फोन खिशात सरकवला. तो सरकवताना छातीत जे हलके झाले, ते त्याला नंतर विसरता आले नाही.

सर थांबले तेव्हा सहा वाजून गेले होते. समारंभ आटोपून लोक मावा जिलेबीच्या टेबलाकडे वळले. विपुलने फोन काढला. सचिवालयाचा ईमेल आला होता: कोणाचीही हरकत न आल्याने मसुदा मंजूर झाला आहे.

"खा रे, दुबळा दिसून राहिला तू," म्हणत भाईदासकाकांनी त्याच्या हातात बशी दिली. तो जिलेबी घेऊन कोपऱ्यात गेला आणि डाव्या हाताने लितियाला लिहू लागला. 'शक्य तितक्या लवकर पाहिलं, पण' एवढे लिहून त्याचे त्यालाच कसेसे झाले. ते पुसून त्याने लिहिले: 'माफ कर. आमच्या गावात नेटवर्क नव्हतं. मेसेज आत्ता मिळाला.'

उत्तर लगेच आले. ती अजून टेकडीवरच असावी.

'अरे, तुमच्याकडेही हीच तऱ्हा? मग तू काय करणार! तुझा दोष नाही, भाऊ. रजा नीट घालव. आईवडिलांना माझा नमस्कार सांग.'

शिव्या दिल्या असत्या तर तो त्या गिळून बसला असता. हे त्याला गिळता येईना. बशी तशीच खिडकीत ठेवून तो बाहेर आला.

योगिता स्कूटी काढत होती. भावाकडे एक नजर टाकून ती म्हणाली, "बैस मागे. तापीवर राजघाटाहून एक चक्कर मारून येऊ. तुझ्या तोंडाकडे बघून वाटतं, सत्कार नाही, शोकसभा होती."

घाटावर संध्याकाळ उतरली होती. तापीचे पाणी राखाडी झाले होते आणि पायऱ्यांवर एक म्हातारा धोतराचा पिळा सोडवत बसला होता. खालच्या पायरीवर बसून विपुलने बहिणीला सारे सांगितले. जाहीरनामा, टेकडी, मावशीचे गाव. शेवटी आपण तिला काय उत्तर दिले तेही सांगितले.

योगिता आधी गंभीर होती. एवढे ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला.

"नेटवर्क नव्हतं? अरे भाऊ, मी अख्खा प्रोग्राम तिथूनच लाइव्ह केला! पुण्याहून मामा बघून राहिले होते. मामींनी तर तुझ्या शालीचा रंगपण विचारला."

विपुल पाण्याकडे पाहू लागला.

"झूठच बोलायचं तर जरा अक्कल लावून तरी बोलायचं." मग तिचा आवाज खाली आला. "ती बाई काय म्हणाली?"

"माझा दोष नाही म्हणाली."

योगिताने एक खडा उचलला, पण पाण्यात टाकला नाही. "आता काही होऊ शकतं की संपलं?"

हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता. म्हणजे टाळला होता. नियम त्याला पाठ होता. हरकत वेळेत सचिवालयाच्या माणसाकडे पोचली असेल, तर ती वेळेतच आली असे धरतात. सचिवालयाचा माणूस म्हणजे तो. त्याने वेळेत वाचल्याचे कबूल केले, तर मसुदा पुन्हा उघडावा लागेल. कबूल केले तरच.

"होऊ शकतं," तो म्हणाला.

"मग इथं नदी काय बघून राहिला?"

त्याने फोन लावला. कौल मॅडम खुशीत होत्या. "बधाई हो विपुल, ड्राफ्ट बंद हो गया. सुना है वहाँ तुम्हारा सम्मान था?"

"मॅम, एक ऑब्जेक्शन आया था. छह से पहले. मेरे फोन पर."

पलीकडचा पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"तुमने कब देखा?"

तो उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "देखो, तुम स्टेज पर थे. बाद में देखा होगा. इतना लिख दो कि देर से मिला. बात खत्म. तुम्हारा भी कुछ नहीं बिगड़ेगा."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी त्याच्यासाठी दार उघडून धरले होते आणि त्याने फक्त गप्प राहायचे होते. एवढे एकच काम त्याला जन्मभर उत्तम जमत आले होते. योगिता त्याच्याकडे पाहत नव्हती. ती मुद्दाम दुसरीकडे पाहत होती.

"नहीं मॅम. पहले ही देखा था. पूरा पढ़ा था."

"तो भेजा क्यों नहीं?"

"स्टेज से उठने में शर्म आई..." तो थांबला. एवढ्यावर भागले असते. लाजाळूपणाला जग क्षमा करते. "और आप नाराज होतीं, मॅम. समिट में जाना था मुझे. इसलिए भी."

मग मॅडमचा आवाज आला. तो रागावलेला नव्हता, नुसता दमलेला होता. "यही सब लिखकर भेजो. अभी. ड्राफ्ट फिर खोलना पड़ेगा. उन्हें वो शब्द मिलेंगे, ये वादा मैं नहीं कर सकती. और समिट की टीम में मैं तुम्हें अब नहीं रख पाऊँगी. समझते हो ना?"

"जी."

पायरीवर बसूनच त्याने सगळे लिहून पाठवले. ते लिहायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो त्यानंतर, लितियाला लिहिताना. अधिकाऱ्यापुढे चूक मान्य करायला एक रीत असते, ठरलेली वाक्ये असतात. ज्याने आपल्या खोट्यावर विश्वास ठेवून आपलेच सांत्वन केले, त्याच्यापुढे जायला कुठली रीत नसते. अखेर त्याने लिहिले: 'नेटवर्क होतं. तुझा मेसेज मी वेळेत वाचला होता आणि पाठवला नाही. आता सांगितलं आहे. मसुदा पुन्हा उघडेल. मी तुझ्याशी खोटं बोललो.'

मेसेज पोचला. वाचला गेला. पाणी काळे होईपर्यंत दोघे तिथे बसून होते, पण उत्तर आले नाही.

"झोपली असेल रे," उठताना योगिता म्हणाली. "त्यांच्याकडे केव्हाच रात्र झाली."

"हो," विपुल म्हणाला. दोघांनाही ठाऊक होते की झोपलेला माणूस मेसेज वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवालयाने मसुदा पुन्हा खुला झाल्याचे सर्व देशांना कळवले. दुपारी त्या बेटांवरचे इंटरनेट सुरू झाले असावे, कारण तिकडच्या मंत्रालयाचे पत्र आले. विपुल ओट्यावर बसून ते वाचू लागला. पप्पा कालची शाल घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवत होते.

"दिल्लीचं का?" त्यांनी विचारले. "काही चांगलं?"

"हो पप्पा. एका लहान देशाचं म्हणणं राहून गेलं होतं. ते आता घेतलं."

"वा! म्हणजे सर खोटं नाही बोलले काल." पप्पा समाधानाने पिशवी घेऊन आत गेले. आत जाऊन ते आईला तेच पुन्हा सांगत होते, जरा मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांनाही ऐकू जावे अशा बेताने. उठून त्यांना खरे काय ते सांगावे, असे विपुलला वाटले. परिषदेतून नाव गेल्याचे कधीतरी सांगावेच लागणार होते. पण त्याच्याने लगेच उठवले नाही. त्याने पत्र पुन्हा वरून वाचायला घेतले.

पत्र सचिवालयाला उद्देशून होते. हरकतीची नोंद घेतल्याबद्दल अध्यक्षांचे आभार मानले होते, मागणी नेमक्या शब्दांत पुन्हा मांडली होती, आणि यापुढचा सारा पत्रव्यवहार सचिवालयाऐवजी थेट अध्यक्षांच्या कार्यालयाशी केला जाईल, असे नम्रपणे कळवले होते. खाली लितियाचे पूर्ण नाव होते, हुद्दा होता. भाषा सभ्य होती. अशा पत्रांचे मसुदे विपुल स्वतः तयार करीत असे. याहून चांगले त्यालाही लिहिता आले नसते.