चिठ्ठी नसलेला कोट

जिन्याखालच्या सव्वा खोलीत माझं दुकान आहे. नवे कपडे मी फारसे शिवत नाही. मोठ्याचं लहान करायचं, लहानाचं मोठं करायचं, फाटलेल्याचं धड करायचं, यातच दिवस जातो. कोणाची कंबर कोणत्या महिन्यात किती सुटली हे या गल्लीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही, आणि ते मी कोणाला सांगत नाही. गिऱ्हाइकांचं सांगत नाही. घरच्यांचं मात्र माझ्या पोटात राहत नाही, आणि त्यापायी मी जे करून बसले ते आता लिहून काढते.

माझी धाकटी बहीण बसने सहा तासांवरच्या शहरात एका बेकरीत काम करते. आमच्यात बारा वर्षांचं अंतर, पण मापं जवळजवळ सारखी. त्यामुळे दोघींचे म्हणून जे बरे कपडे आहेत ते एका तपकिरी सुटकेसमधून फिरत असतात. दर दोनेक महिन्यांनी सुटकेस तिच्याकडून येते, मी उसवलेलं शिवते, काही ठेवून घेते, काही माझ्याकडचं भरते आणि परत पाठवते. पार्सल ऑफिसातला माणूस आता पत्ता विचारत नाही. "आली का तुमची बहीण?" असं सुटकेसकडे बघून विचारतो.

नियम एकच. प्रत्येक कपड्याच्या खिशात चिठ्ठी हवी, आणि तो कपडा अंगावर असताना काय घडलं ते त्या चिठ्ठीत हवं. खिसा नसेल तर टाचणीनं लावायची. हा नियम धाकटीनंच केला, सात वर्षांची असताना. माझा उतरलेला स्वेटर लहान करून तिला दिला तेव्हा तिनं विचारलं, "ताई, हा घालून तू कुठे कुठे गेलीस?" मी घाईत होते, काहीतरी उडवाउडवी केली. तर बाईसाहेब रुसल्या, स्वेटर घालेचनात. शेवटी चार ओळी लिहून खिशात घातल्या तेव्हा कुठे अंगात चढवला.

तिच्या चिठ्ठ्या म्हणजे खाऊच. "या स्कर्टवर डाग आहे तो चॉकलेटचा नाही, मॅनेजरच्या कॉफीचा आहे. भांडण मी जिंकले." "हा शर्ट घालून घरमालकाकडे गेले होते. भाडं वाढवू नका म्हणाले, तर तो माझ्याच पावाला नावं ठेवू लागला." एकदा नुसतं, "या ओढणीत रडले. कारण पुढच्या वेळी." पुढच्या वेळी कारण आलं होतं, दोन पानी. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल होत नव्हतं, डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं होतं. मी सुटकेस आली की सगळ्या चिठ्ठ्या एकदम वाचायची नाही. एका गिऱ्हाइकानंतर एक, अशा पुरवून वाचायची.

यंदा थंडी संपायच्या आधीच सुटकेस आली. तिची ड्युटी पहाटे पाचला सुरू होते, म्हणून जाड निळा कोट ती शक्यतो सोडत नाही. यावेळी तो कोट सगळ्यांत वर होता आणि त्याच्या खिशात चिठ्ठी नव्हती. मी चारही खिसे उलटे केले. अस्तर चाचपलं. मग कोट टेबलावर पसरला आणि बघते तर काय, छातीखालच्या दोन्ही शिवणी उसवलेल्या, आत दाबलेलं सगळं कापड बाहेर काढून पुन्हा शिवलेलं. टाके धाकटीचे. ती सुई डावासारखी धरते, तिचा धावदोरा मी अंधारातही ओळखेन. खालची तीन बटणं कडेपर्यंत सरकवलेली.

आता बघा, माणूस जाड होतं तेव्हा सगळीकडून होतं. दंड भरतात, पाठ भरते, काखेत कापड काचतं. या कोटाच्या बाह्या होत्या तशा होत्या, खांदे होते तसे होते. तो सुटला होता फक्त पुढून, पोटावर. पंचवीस वर्षं हेच काम करतेय मी. मी कोट मांडीवर घेऊन स्टुलावर बसले. बाहेर एक बाई पँटची चेन बदलायला उभी होती, तिला म्हटलं, "उद्या या."

माझ्याकडे घरच्यांच्या मापांची एक वही आहे. धाकटीच्या पानावर मी तारीख घातली आणि नवं माप लिहिलं. मग दिवसभर ते पान उघडून बघत राहिले.

आनंद होता, खोटं कशाला बोलू? पण राग त्याहून जास्त होता. एवढी बातमी, आणि मला नाही? मॅनेजरची कॉफी मला कळते, घरमालकाचा पाव मला कळतो, आणि हे नाही? विचारायचं नाही असं मी ठरवलं. तिनं आपणहून सांगायला हवं. फोनवर आडून आडून खडे टाकून पाहिले.

"तब्येत काय म्हणते?"

"बरी आहे."

"भूक वगैरे?"

"ताई, मी बेकरीत काम करते. भुकेचं काय घेऊन बसलीस?"

"सकाळी मळमळतं का?"

"तुझ्याशी बोलताना थोडं मळमळतं," ती म्हणाली आणि हसली. मीही हसले आणि फोन ठेवून चरफडले.

असे दोन आठवडे काढले. पंधराव्या दिवशी आईकडे गेले होते, आई म्हणाली, "धाकटीचं कसं चाललंय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं. आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि फोन उचलला. आईच्या हातात फोन म्हणजे दवंडीच. मी "अगं, कोणाला सांगू नकोस" म्हणेपर्यंत ती मावशीशी बोलत होती. संध्याकाळपर्यंत मामा, दोन्ही आत्या, चुलत भाऊ, धाकटीची शाळेतली मैत्रीण, सगळ्यांना कळलं होतं. आईनं पांढरी लोकर आणली, बोटभर लांबीचे मोजे विणायला घेतले.

आणि मी काय केलं? तो कोट दुरुस्त केला. धाकटीचे ते वेडेवाकडे टाके काढले, नीट टीप मारली, पुढच्या महिन्यांचा विचार करून दोन्ही बाजूंना त्याच निळ्याची पट्टी जोडली, अस्तर वाढवलं, बटणांना नवी काजं केली. इतकं सुबक काम मी अलीकडे कोणाचं केलं नव्हतं. खिशात चिठ्ठी घातली, "आणखी दोन इंच सोडले आहेत. आता तरी सांगशील का?" आणि पार्सल ऑफिसात दिला.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला, दुपारी, ऐन कामाच्या वेळेला.

"कोट मिळाला," ती म्हणाली. "मला ढगळ होतो."

"होऊ दे की. दोन महिन्यांत बरोबर बसेल."

पलीकडे कोणीतरी ट्रे आपटत होतं.

"ताई, तो कोट मी आमच्या पॅकिंगवालीसाठी उसवला होता. तिला सातवा महिना होता, पहाटे ती पातळ जॅकेट घालून यायची, बटणं लागायची नाहीत. दीड-दोन महिने तिनं घातला. ती रजेवर गेली, कोट परत आला. बस्स."

मी म्हटलं, "मग चिठ्ठी का नाही घातलीस?"

हे मी म्हटलं. एवढं ऐकून हेच म्हटलं.

"काय लिहू चिठ्ठीत? दुसरीच्या पोटावर बसावा म्हणून मी माझा कोट माझ्या हातानं उसवला, असं लिहू? रोज पहाटे तिची बटणं मी लावायचे, कारण तिला वाकता येत नव्हतं. चार वेळा लिहिलं आणि फाडलं. जमलं असतं तेव्हा सांगितलं असतं. तुलाच सांगितलं असतं." तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "सतरा फोन आले, ताई. सतरा जणांना मी नाही म्हटलं. आत्यानं तर नाव सुचवलं. शेवटचा आईचा होता. तिला नाही म्हणताना मला कसं झालं असेल, याचं माप आहे का तुझ्या वहीत?"

तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही.

त्यानंतर सुटकेस आली नाही. उकाडा सुरू झाला, तिचे सगळे सुती कपडे माझ्याकडे पडून होते, तरी तिनं मागितले नाहीत. फोन केला तर तिचा नवरा उचलायचा, "ती झोपली आहे" म्हणायचा. आईनं मोजे अर्धवट सोडले आणि माझ्याशी दोन आठवडे धड बोलली नाही, जणू फोन मीच फिरवले होते. पार्सल ऑफिसच्या माणसानं रस्त्यात हटकलं, "बहीण आली नाही बऱ्याच दिवसांत?" मी म्हटलं, कामात आहे. मला तिची इतकी आठवण यायची की कोणाच्याही कपड्यांचे खिसे चाचपायची सवय लागली. गिऱ्हाइकाच्या पँटमध्ये बसचं तिकीट सापडलं तरी उलटंपालटं करून बघायची.

समोर बटणांचं दुकान आहे. ती बटणवाली माझी जुनी मैत्रीण, चहाच्या वेळी येऊन बसते. तिला मी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा सगळं सांगत होते. धाकटी किती छान लिहायची, आता काहीच कळत नाही, माणसानं इतकं तोडावं का.

"आणि तू काय लिहायचीस तिला?" बटणवालीनं विचारलं.

"लिहायचे की!"

"काय पण?"

मी आठवायला लागले. बाही लहान केली. कॉलर उलटवली. जपून धू, रंग जातो. काळजी घे. गेल्या कित्येक वर्षांत मी याखेरीज एक ओळ लिहिली असेल तर शपथ. तिचं सगळं घेत आले, आणि वर ते माझ्या हक्काचं आहे असं धरून चालले.

"मोठ्या बहिणीला काय असतं सांगण्यासारखं?" मी म्हटलं.

"काहीच नसतं," बटणवाली म्हणाली. "म्हणून तर परवा तू काळ्या पँटला निळा दोरा घातलास आणि गिऱ्हाइकानं दाखवेपर्यंत तुला कळलं नाही." चहाचा कप ठेवून ती उठून गेली. तिच्या जिभेला हाड नाही, पण नजर चांगली आहे.

त्या आठवड्यात मी धाकटीचे सगळे सुती कपडे इस्त्री केले आणि दुकान बंद ठेवून चिठ्ठ्या लिहिल्या. फार जड गेलं. पहिलीच चिठ्ठी "काळजी घे" अशी सुरू झाली, ती फाडली. मग पट्ट्यांच्या शर्टात लिहिलं, "हा घातला होता तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. दोन वर्षं झाली, गडद कापडावर गडद दोरा मला दिसत नाही, बोटांनी चाचपून शिवते. ऑपरेशन करायचं म्हणतात. भीती वाटते म्हणून कोणाला सांगितलं नाही." पिवळ्या झग्याला टाचलं, "हा घालून मी एका माणसाबरोबर तीन वेळा जेवायला गेले. कापडाचा व्यापारी. तू तेव्हा नव्यानं लग्न करून गेली होतीस. त्यानं विचारलं, मी नाही म्हटलं, आणि नंतर वर्षभर त्याच्या दुकानावरून जायचे." आणि शेवटच्या परकरात, कारण तिथे बाहेरचं कोणी बघणार नाही, "मला वाटलं होतं की तुला मूल झालं तर ते उन्हाळ्यात माझ्याकडे राहायला येईल. कोटाला टीप मारताना मी तुझा नाही, माझाच विचार करत होते. चुकले." सॉरी वगैरे लिहिलं नाही. आमच्यात तो शब्द चिडवायला वापरतात.

सुटकेस गेली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. तिसऱ्या आठवड्यात एक बाई लग्नाला घालायचा ड्रेस अंगावर चढवून, अर्ध्या टाचण्या लावलेल्या अवस्थेत माझ्यासमोर उभी होती, आणि फोन वाजला.

"ऑपरेशन कधी आहे?" धाकटीनं विचारलं. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"अजून ठरवलं नाही."

"ठरव. पुढच्या बुधवारचं बघ. मला मंगळवारपासून आठ दिवस रजा मिळतेय."

"अगं, तू कशाला? बटणवाली आहे, आई आहे..."

"आई तुला हॉस्पिटलात नेईल आणि सतरा जणांना फोन करेल," ती म्हणाली. मला हसू आलं, ती मात्र हसली नाही. मग म्हणाली, "तो कापडवाला. बरा होता दिसायला?"

"बरा होता."

"मला सांगायचंस तेव्हा."

"हो."

टाचण्या लावलेली बाई घड्याळाकडे बघत होती. मी तिला हातानंच थांबायला सांगितलं.

"ताई, एक आहे," धाकटी म्हणाली. "मी येईन, तुझं सगळं करीन. पण माझं काही सांगणार नाही. कोटाचं नाही, डॉक्टरांचं नाही, घरचंही नाही. कधी सांगेन ते मलाच माहीत नाही. विचारायचं नाही. चालेल?"

मला चालणार नव्हतं. तिच्या घरमालकाचं काय झालं, मॅनेजर अजून छळतो का, ती पॅकिंगवाली परत आली का, पहाटे आता ती काय घालून जाते, त्या सतरा फोनांनंतर नवऱ्याजवळ रडली की एकटी रडली, हे सगळं मला त्या क्षणी, तिथल्या तिथे ऐकायचं होतं.

"चालेल," मी म्हटलं. "मंगळवारी किती वाजेपर्यंत पोचशील?"