'हो' कुणी म्हटलं?

धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करणारा मोठा रोलर सुरू करायची एक रीत होती. पुढून चादर सारणाऱ्या बाईच्या हातासमोर लोखंडी जाळी असे, पण जाळी जागेवर धरून ठेवणारी खिटी मागच्या बाजूला. मागची बाई वाकून खिटी बघायची आणि मोठ्यानं 'हो' म्हणायची. 'हो' ऐकल्याशिवाय मुकादमानं बटण दाबायचं नाही. शेंबड्या पोरालाही कळेल इतकी सोपी गोष्ट.

मुकादमाला कळली नाही. किंवा कळली, पण गडी घाईत होता. परवा सकाळी वाफेत खिटी दिसेना म्हणून मागची बाई, म्हणजे वहिनी, डोळे ताणून बघत होती, तेवढ्यात ह्या शहाण्यानं बटण दाबलं. जाळी सटकली. पुढे वहिनीची नणंद होती. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

नणंद दिवसभर 'वहिनी, वहिनी' करायची, म्हणून अख्खा कारखाना ह्या मागच्या बाईला वहिनीच म्हणे. आज वहिनी चौकशीच्या खोलीत बसली होती. समोर कंपनीचे साहेब, कोपऱ्यात टायपिस्ट, भिंतीला टेकून मुकादम.

"खिटी लागलेली नाही, असं तुम्ही म्हणालात का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे लागलेली होती."

"असं कुठं म्हणाले मी? मला दिसलीच नव्हती. म्हणून तर गप्प होते."

"अहो बाई, खिटी एक तर लागलेली असेल, नाहीतर नसेल. मधलं काही असतं का?"

"खिटीला नसेल साहेब. मला होतं. मी अजून बघत होते!"

साहेब हसले. पोराटोरांच्या बोलण्याला हसावं तसं. वहिनीला त्या हसण्याचा असा संताप आला की तिनं खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला. त्यातला थोडा राग तिचा स्वतःवरचाही होता. दवाखान्यात सासूबाईंनी एकच विचारलं होतं, "अगं, नुसतं 'थांबा' ओरडली असतीस तर?" 'हो' म्हटलं नाही की मशीन थांबलेलंच असतं, ही रीत त्या माउलीला कशी सांगायची?

टायपिस्टनं जबाब वाचून दाखवला. "खिटीबाबत साक्षीदाराने कोणतीही हरकत घेतली नाही. सबब, जाळी सुरक्षित असल्याचे साक्षीदारास मान्य होते. अपघात कामगार स्त्रीच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे घडला."

म्हणजे नणंदेची बोटं गेली ती गेलीच, वर दोषही तिचाच आणि आता कामावरून हकालपट्टीही तिचीच होणार. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सही करा," साहेब म्हणाले.

"नाही करणार."

"हरकत घेतली नाहीत, हे खोटं आहे?"

"खरं आहे. पण त्यातून पुढचं 'मान्य होते' तुम्ही काढलंत. ते माझ्या तोंडी घालू नका."

"हरकत नाही म्हणजे मान्यच की! जगभर हेच चालतं."

"असं होय?" वहिनी उठली आणि मुकादमासमोर जाऊन उभी राहिली. "मुकादम, माझं 'हो' ऐकायच्या आधीच तुम्ही बटण दाबलंत. खोटं असेल तर आत्ता ह्या सगळ्यांसमोर 'नाही' म्हणा."

मुकादमानं मान खाली घातली. वहिनी थांबली. मुकादम बुटांकडे बघत राहिला.

"हरकत घेतली नाही त्यांनी," वहिनी टायपिस्टकडे वळून म्हणाली. "सबब मान्य आहे. घ्या लिहून."

"ए, थांब, काही लिहू नकोस!" साहेब ताडकन उठले. "असं कसं? माणूस गप्प बसला म्हणजे त्यानं कबूल केलं, असं होत नाही!"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. ते हळूच खाली बसले.

वहिनीनं टेबलावरचं पेन उचललं.

"आत्ता बोललात ना, ते लिहा," ती साहेबांना म्हणाली. "जसंच्या तसं, तुमच्या नावानं. मी त्याच्याखाली सही करते."