मडिकेरीचं धुकं

"एकट्यांना रूम देत नाही, अम्मा. रूल आहे," लॉजच्या काउंटरवरचा मॅनेजर कानडीत म्हणाला आणि आधार कार्ड त्यानं परत सरकवलं.

कृष्णवेणीबाईंनी ते उचललं नाही. चौसष्ट वर्षांच्या बाईला मडिकेरीत एका रात्रीपुरती खोली हवी, यात कुणाचं काय अडतं?

"का नाही?"

मॅनेजर दिलीप अवघडला. "एकटी माणसं येतात, दार लावून घेतात... सकाळी पोलिसांना बोलवावं लागतं. दोनदा झालंय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "यजमान मागून येतायत असं लिहा की. मी काही बघितलं नाही."

इथंच बाई फसल्या. म्हैसूरात नजरबादच्या सरकारी कचेरीत चौतीस वर्षं लोकांचे अर्ज तपासलेली बाई. एक रकाना रिकामा दिसला की "उद्या या" म्हणून भल्याभल्यांना परत पाठवलेलं. त्या हातून खोटं लिहिलं जाणार होतं थोडंच! 'सोबत' या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं : 'कोणी नाही. यजमान दोन वर्षांपूर्वी वारले.' ते वाचून दिलीपचा उरलासुरला धीरही सुटला.

हे यजमान म्हणजे तिरुमलराव. दर जानेवारीत मित्रांबरोबर थंड हवेच्या मडिकेरीला जायचे आणि परतल्यावर आठवडाभर धुक्याच्या गोष्टी सांगायचे. पहाटे दार उघडावं तर समोर रस्ताच नाही, हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत! "पुढच्या वर्षी तुला नेतो," हेही दर वर्षी ठरलेलं. त्या भरवशावर बाईंनी एक मरून रंगाचा स्वेटर विणला. म्हैसूरच्या हवेत लोकरीचा स्वेटर घालायचा कुठे? तीस वर्षं तो डांबराच्या गोळ्यांत पडून राहिला. तिरुमलराव गेले, पुढचं वर्ष काही आलं नाही.

म्हणून आज चिठ्ठी ठेवून त्यांनी सकाळची बस धरली होती. बस हूटगळ्ळीवरून, त्यांच्याच गल्लीसमोरून गेली, तेव्हा त्यांनी चोरासारखी मान खाली घातली. मडिकेरीत उतरल्या उतरल्या स्वेटर चढवला. देवळात जाऊन आल्या. दरीकाठच्या राजा सीट बागेत बाकावर बसून घरून आणलेलं चित्रान्न खाल्लं. फोटो काढणाऱ्या एका जोडप्यानं जरा सरकायला सांगितलं, सरकल्या. दरी लख्ख उन्हात पडली होती, पण ती बघायला त्या आल्याच नव्हत्या. धुकं पहाटेचं, म्हणजे रात्री राहणं आलं.

"घरच्यांना फोन लावा," दिलीप म्हणाला. "ते हो म्हणाले तर देतो."

बाईंनी मुलाला फोन लावला. कानाला नीट ऐकू येत नाही म्हणून स्पीकर चालू केला.

"आई! येनु हे, काय चाललंय? असं चिठ्ठी ठेवून जातात काय कोण?" संकर्षण ओरडला. "उद्या सकाळी वर्षिणीला मीटिंग, मला बेळगोळच्या कारखान्यात शिफ्ट. शरण्याला स्कूलबसवर कोण सोडायचं?"

"एक दिवस तुम्ही नवरा-बायको बघा की रे पोरीचं. उद्या संध्याकाळी मी आहेच."

"अय्यो, लास्ट मिनिटला नाही होत. फोन दे त्याला."

फोन काउंटरवरच होता. संकर्षण आता कानडीत, मोठ्या अदबीनं बोलू लागला. "सर, रूम देऊ नका. वडील गेल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नाही. काही बरंवाईट झालं तर तुमच्यावर येईल. बसमध्ये बसवून द्या, प्लीज."

पोटचा पोरगा धडधडीत खोटं बोलत होता, तेही सकाळच्या स्कूलबससाठी. बाईंना बोलायचं होतं, पण आधी घोटभर पाणी हवं होतं. त्यांनी समोरच्या पाण्याकडे हात नेला आणि दिलीपनं तो काचेचा ग्लास हळूच उचलून, काच त्यांच्या हाती लागू नये असा, आपल्या बाजूला ठेवला. खोली मिळाली नसती तरी एक वेळ चाललं असतं. त्या ग्लासानं मात्र बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॉजचा वॉचमन बसपर्यंत आला. कंडक्टरच्या कानाला लागला. कंडक्टरनं बाईंना अगदी पुढं, आपल्या नजरेसमोर बसवलं आणि वाटेत दोनदा विचारलं, "बरं आहे ना, अम्मा?"

सहाच्या सुमाराला हूटगळ्ळी आलं. फेब्रुवारीतच हवा तापली होती. स्टॉपवर संकर्षण बाइक घेऊन उभा होता.

"तसं बोललो नसतो तर त्यानं रूम दिली असती, आई," तो म्हणाला. "रागावू नको. बस मागं."

"उद्या शरण्याला बसवर मीच सोडायचं ना?"

"हो की. साडेसातला."

"डोकं ठिकाणावर नसलेल्या बाईच्या हातात पोर देतोस?"

संकर्षण बाइकच्या आरशाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "स्वेटर तरी काढ. घामाघूम झालीयस. लोक बघतायत."

कपाळावरून, मानेवरून घाम ओघळत होता. कृष्णवेणीबाईंनी स्वेटरचं वरचं उघडं राहिलेलं बटण लावलं, पिशवी काखेत धरली आणि त्या घराकडे चालत निघाल्या. संकर्षण बाइक ढकलत मागून येत राहिला.