सहा गाठी

"'चुकून' हा शब्द तेवढा काढा," कुलूपवाला म्हणाला. तीन हेलपाट्यांनंतर आज कुठे संग्रहालयाच्या बाई भेटल्या होत्या.

"आजोबा, पाटी पितळेची आहे. खोडरबराने जाणार का?"

त्याने वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर ठेवलं. फोटोत बशी पुसट होती, पाटी भिंग लावून वाचता येत होती : 'चुकून फेकायची राहिलेली बशी. या तापाचे जंतू हिच्यातच प्रथम दिसले.' खाली मोठ्या डॉक्टरांचं नाव.

त्याच्या बायकोने या डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं जंतू वाढवायच्या काचेच्या बश्या धुतल्या. पहिल्याच वर्षी तिने कामाची बशी धुऊन टाकली आणि सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. तेव्हापासून डॉक्टरांनी 'टाक' म्हणून दिलेली बशीही ती आठ दिवस उबेच्या कपाटात मागे सारून ठेवायची. भोवती गुलाबी दोरा, रोज एक गाठ. आठवी पडली की धुणं. डॉक्टर दोन दिवस वाट बघायचे. हे जंतू आळशी निघाले, सावकाश वाढणारे. सहावी गाठ मारताना तिला बशीत बारीक ठिपके दिसले आणि तिने डॉक्टरांना हाक मारली.

"भाजीत मीठ चुकून जास्त पडतं, बाई. रोज एक अशा सहा गाठी चुकून पडत नाहीत."

"डॉक्टर हयात असते तर विचारलं असतं."

"तीही गेली. दोन महिने झाले."

बाईंचा आवाज जरा उतरला. "पण काही पुरावा नको का?"

"बशीलाच बांधलाय. चला, मोजून दाखवतो."

दोघं दालनात गेले. तो काचेच्या कपाटापाशी वाकला. बशी लख्ख होती. दोरा नव्हता.

"तो मळका दोरा होय?" बाई म्हणाल्या. "मांडणीच्या वेळी काढला. फोटोत चिंधी लटकल्यासारखी दिसत होती."

"ठेवलाय कुठे?"

"ठेवणार कशाला? त्याच दिवशी गेला. आमच्याकडे कचरा रोजच्या रोज उचलतात."

कपाटाचं कुलूप हलकं होतं, त्याला अर्ध्या मिनिटाचं काम. उघडून तरी काय मोजणार? त्याने दोन्ही हात खिशात घातले.

"अर्ज देऊन ठेवा," बाई म्हणाल्या. "समितीपुढे ठेवते."

"दोन दिलेत."

घरी आला तेव्हा मुलीने आईच्या कपड्यांचं गाठोडं दाराशी आणून ठेवलं होतं. कोणाच्या तरी अंगाला लागतील म्हणून ती महिनाभर मागे लागली होती.

"बाबा, आज नेऊन देते. नाही म्हणू नका. अजून किती दिवस ठेवायचं?"

तो आत गेला. बायकोच्या खणातून गुलाबी दोऱ्याचं रीळ काढलं, गाठोड्याभोवती दोरा फिरवला आणि एक गाठ मारली.

"आठ," तो म्हणाला.